परक्या देशातली पाठराखीण

माझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा तिची आत्या पाठराखीण म्हणून बरोबर गेली. तिथे विहीर कुठे, जातं कुठल्या खोलीत, सासऱ्यांसमोर केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हे नवरीच्या कानात सांगायला आणि रात्री ती मुसमुसली तर शेजारी झोपायला माहेरचं एक माणूस. आजी ऐंशी पार झाली तरी ते आठ दिवस सांगायची. त्यात एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं उपडं झालं. आत्या विहिणीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘पोरीच्या हातून सांडलंय खरं, पण पोरगी वाईट नाही. उद्यापासून धारेला ती लवकर उठेल.’

या लेखाचा विषय ऐकायला जड आहे. निर्वासित आणि स्थलांतरित मुलांच्या हातून काही बिघडलं, तर त्यांना ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’च्या वाटेने आणि आसपासच्या माणसांच्या आधाराने सावरायचं कसं, असा तो विषय. सरकारी मराठीत याला ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ म्हणतात. मला तो शब्द तोंडात धरवत नाही, म्हणून मी ‘सांधणारा न्याय’ म्हणते. हा विषय पुस्तकांतून वाचायला घेतला तेव्हा पुन्हा पुन्हा आजीची आत्याच आठवत राहिली. दूध सांडलं हे तिने लपवलं नाही. पोरीला टाकूनही दिलं नाही. आणि भरपाईचं काम पोरीच्याच हाती दिलं.

मी कॅलिफोर्नियात, ऑकलंड शहराच्या शेजारी राहते. गेली काही वर्षं दर बुधवारी संध्याकाळी नव्याने आलेल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसते. या मुलांना पाठराखीण नसते.

कोण ही मुलं?

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण बातम्यांत ते एकमेकांत मिसळून टाकलेले असतात. युद्ध, छळ यांपासून जीव वाचवायला देश सोडून पळालेला आणि तशी मान्यता मिळालेला माणूस म्हणजे निर्वासित. १९५१ च्या जिनिव्हा करारात त्याची व्याख्या आहे, पण ती छळाच्या भीतीवर बेतलेली आहे, नुसत्या युद्धावर नाही. दुसऱ्या देशात पोचून ‘मला परत पाठवू नका’ असा अर्ज केलेला, पण अजून निकाल न लागलेला, तो आश्रयार्थी. कामासाठी, शिक्षणासाठी किंवा आधीच गेलेल्या नातेवाइकांकडे आलेला तो स्थलांतरित. कागदावर या तीन वेगळ्या रांगा आहेत. वर्गात मात्र तिन्ही रांगांतली मुलं एकाच बाकावर बसतात, आणि पुष्कळदा एकाच घरातल्या दोन भावंडांचे कागद वेगवेगळे असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घराबाहेर पडलेली होती. त्यांतली सुमारे ४० टक्के अठरा वर्षांच्या आतली. यांतली बहुतेक स्वतःच्याच देशात किंवा शेजारच्या देशात अडकलेली असतात. ऑकलंडपर्यंत पोचतात ती मूठभर.

या शहरात २००७ साली खास नवागत मुलांसाठी एक सरकारी शाळा निघाली, ऑकलंड इंटरनॅशनल हायस्कूल. तिथे तीसहून अधिक भाषा बोलल्या जातात. म्यानमारमधून आलेली कारेन मुलं, येमेनमधली अरबी बोलणारी मुलं, आणि मोठ्या संख्येने ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातली माम बोलणारी मुलं. माम ही माया कुळातली भाषा, स्पॅनिशशी तिचं नातं नाही. तरी ‘ग्वाटेमालाचा ना, मग स्पॅनिश येतच असेल’ असं धरून चालतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाशी आपण पुस्तकी मराठीत बोलत सुटावं आणि त्याला उमगलं नाही की त्याला मठ्ठ ठरवावं, त्यातलाच हा प्रकार.

घरात काय चाललेलं असतं हेही सांगायला हवं. मूल वर्षभरात बऱ्यापैकी इंग्रजी उचलतं, आईवडिलांना दोन-दोन नोकऱ्यांतून ते जमत नाही. मग घरमालकाची नोटीस, दवाखान्यातला फॉर्म, शाळेचं पत्र, सगळं पोरगाच वाचून दाखवतो. चौदा वर्षांची मुलगी डॉक्टरसमोर बसून आईच्या आजाराचं भाषांतर करते. शाळेतून तक्रारीचा फोन आला तर ज्याची तक्रार आहे तोच दुभाषा असतो. आईबापांचा धाक यात आपोआप ओसरतो आणि मुलाच्या खांद्यावर मात्र मोठ्या माणसाचं ओझं येतं. कित्येक मुलांची आई त्यांच्या लहानपणीच पुढे निघून आलेली असते. मूल आजीकडे वाढतं आणि आठ-दहा वर्षांनी विमानतळावर किंवा सीमेवरच्या छावणीतून सुटल्यावर आईला भेटतं. दोघांना एकमेकांची ओळख फक्त फोनवरची. जिला ते मनातून आई मानतं ती आजी हजारो मैल मागे राहिलेली असते.

असं मूल वर्गात बसलंय. मागचं दार धाडकन आपटलं की ते बाकाखाली जातं. शिक्षिका रागावल्या की ते मान खाली घालतं, कारण त्याच्या गावी मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उर्मटपणा. आपल्याकडेही तसंच होतं की. पण अमेरिकन शिक्षिकेला वाटतं, ‘हा माझ्याकडे बघतही नाही, म्हणजे याला काही पडलेली नाही.’ अशा गैरसमजातून लागणारा एक शिक्का इथल्या शाळांत फार काळ चालत आला, ‘जाणूनबुजून केलेली अवज्ञा’. त्या शिक्क्यावर मुलांना काही दिवस घरी बसवता येत असे. ऑकलंडच्या शाळा मंडळाने २०१५ मध्ये फक्त या कारणासाठी निलंबन करायचं नाही असं ठरवलं.

भांडण छोटं, किंमत मोठी

शाळेतून घरी बसवलेलं मूल घरी बसत नाही, रस्त्यावर येतं. तिथे त्याला जवळ करणारी टोळी त्याची भाषा बोलते, त्याला जेवू घालते, त्याच्या अंगावर हात टाकणाऱ्याला सोडत नाही. आपलेपणा द्यायला टोळीइतकं तत्पर कुणी नसतं. पुढचं भांडण मग पोलिसांत जातं.

आणि इथे नागरिक नसलेल्या मुलाची गोष्ट वेगळी होते. अमेरिकन मुलाला एका गुन्ह्याची एक शिक्षा मिळते. नागरिक नसलेल्याला दोन. न्यायालयाची शिक्षा भोगून झाल्यावर त्याच गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. १९९६ साली इथल्या संसदेने कायदा फार कडक केला. कुठल्या गुन्ह्यांवरून हद्दपार करता येतं ती यादी वाढवली आणि अनेक प्रकरणांत न्यायाधीशाला माणसाकडे बघून सूट देण्याची मुभाच काढून घेतली.

याचा फटका कुणाला बसला ते कंबोडियाच्या निर्वासितांकडे बघितलं की कळतं. १९७५ ते १९७९ या काळात तिथे ख्मेर रूजच्या राजवटीत लाखो माणसं मारली गेली. वाचलेली कुटुंबं थायलंडच्या छावण्यांतून अमेरिकेत आली आणि लाँग बीच, स्टॉकटन, ऑकलंड अशा शहरांच्या गरीब वस्त्यांत येऊन पडली. आईबाप त्या आठवणींनी मुके झालेले, मुलांच्या हाताला धरून चालणारं कुणी नाही. काही मुलं टोळ्यांत गेली, गुन्हे केले, तुरुंगवास भोगला, बाहेर येऊन संसाराला लागली. २००२ मध्ये अमेरिका आणि कंबोडियात करार झाला आणि त्यांची पाठवणी सुरू झाली. अशी शेकडो माणसं आजवर परत पाठवली गेली. त्यांतल्या कित्येकांचा जन्म छावणीतला होता. ज्या ‘मायदेशी’ त्यांना पाठवलं तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पंधराव्या वर्षी त्यांच्याशी कुणी वेगळं वागलं असतं तर, हा प्रश्न मला सोडत नाही.

यात एक कायदेशीर खाच आहे. ती आईबापांना आणि स्वयंसेवकांना ठाऊक असायलाच हवी. अठराच्या आतल्या मुलाचा बाल न्यायालयातला निकाल इमिग्रेशनच्या कायद्यात ‘दोषसिद्धी’ धरला जात नाही. पण मुलगा अठराचा झाला किंवा त्याचा खटला प्रौढांच्या न्यायालयात गेला की गणित बदलतं. तिथे कधी कधी वकीलच सांगतात, ‘गुन्हा कबूल कर, समुपदेशनाचा कार्यक्रम पुरा कर, मग खटला रद्द होईल.’ इथल्या नागरिकाला हा सौदा परवडतो. नागरिक नसलेल्याला तो बुडवू शकतो, कारण न्यायालयासमोर दिलेली कबुली आणि त्यावर घातलेलं कुठलंही बंधन एवढं इमिग्रेशनच्या कायद्याला दोषसिद्धी म्हणायला पुरतं. राज्याच्या न्यायालयाने नंतर खटला पुसून टाकला तरी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पाडिया विरुद्ध केंटकी’ या खटल्यात सांगितलं की, कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा मिटवामिटव करायची ती खटला दाखल व्हायच्या आधी. सांधणाऱ्या न्यायाचं महत्त्व या मुलांसाठी दुप्पट होतं ते इथे.

सांधणारा न्याय म्हणजे काय?

आपलं नेहमीचं न्यायालय तीन प्रश्न विचारतं. कुठला नियम मोडला? कुणी मोडला? त्याला काय शिक्षा? ज्याचं नुकसान झालं तो या तिन्हीत कुठेच नाही, फार तर साक्षीदार म्हणून. या विषयाचे जुने अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी प्रश्न बदलले. कुणाला इजा झाली? त्यांना आता कशाची गरज आहे? ती भागवण्याची जबाबदारी कुणाची?

आधुनिक काळातली याची सुरुवात १९७४ साली कॅनडातल्या एलमायरा या छोट्या गावात झाली असं मानतात. दोन तरुणांनी एका रात्री दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) न्यायाधीशांना सुचवलं की, या दोघांना त्या घरांच्या दारांत उभं करू या. न्यायाधीशांनी आढेवेढे घेतले, मग मान्य केलं. पोरं दारोदार गेली, ‘आम्हीच ते’ असं सांगितलं, किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत पैसे फेडले. तुरुंगात जाणं यापेक्षा सोपं असतं असं मला वाटतं. तिथे कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मूळ कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, सरकारला वर्षानुवर्षं बजावलं होतं की, आमच्या मुलांना तुम्ही कुटुंबापासून तोडता आणि मग ती बिघडली म्हणता. १९८९ मध्ये तिथे कायदाच झाला की, मुलाच्या हातून गुन्हा घडला तर आधी कुटुंबाची बैठक बसेल. त्यात काका, मावशी, आजी, ज्याला इजा झाली तो माणूस, पोलीस, सगळे. वर्तुळात बसून, हातात एक वस्तू फिरवत बोलायची रीत उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांकडून आली.

आमच्या कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये हे काम नागरी हक्कांच्या वकील फॅनिया डेव्हिस यांनी २००५ मध्ये सुरू केलं. पश्चिम ऑकलंडमधल्या एका शाळेत प्रयोग झाला आणि २०१० मध्ये शाळा मंडळाने ते धोरण म्हणून स्वीकारलं. न्यायालयाच्या बाजूने ज्यांनी वाट काढली त्या सुजाता बालिगा. भारतातून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी, आधी पीडितांची बाजू मांडणारी, मग आरोपींची वकिली करणारी. त्यांनी सरकारी वकिलांशी ठरवून घेतलं की, मुलावर खटला दाखल करण्याआधीच प्रकरण आमच्याकडे द्या, आणि आमच्याकडे जे बोललं जाईल ते पुढे त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही. वर सांगितलेली खाच बुजते ती अशी. २०१९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. शाळेत आपल्या आडनावाचा नीट उच्चार होत नाही म्हणून हिरमुसणाऱ्या इथल्या भारतीय मुलींना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

वर्तुळात काय होतं?

वर्तुळात बोललेलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही. म्हणून खाली सांगते तो प्रसंग कुणा एकाचा नाही, समजावण्यासाठी जुळवलेला आहे.

समजा, सोळा वर्षांचा एक माम मुलगा काकांकडे राहतो. वर्गातला एक येमेनी मुलगा फोनकडे बघून हसतो. माम मुलगा उठतो, फोन हिसकावतो आणि भिंतीवर आपटतो. झटापटीत दुसऱ्याचा ओठ फुटतो. जुन्या रीतीने पाच दिवस निलंबन, फाइलमध्ये ‘हिंसक’ असा शेरा, कदाचित पोलीस.

इथे आधी दोन आठवडे नुसत्या भेटी होतात. वर्तुळ घेणारी बाई दोघांना आणि दोघांच्या घरच्यांना वेगवेगळी भेटते. फोन फोडणाऱ्याने ‘हो, मी फोडला’ असं मान्य केलं तरच पुढे जायचं. ज्याचा फोन फुटला त्याला यायची इच्छा असली तरच बोलवायचं. त्याच्यावर ‘माफ करून टाक’ असं दडपण आणायचं नाही. माफी हे या कामाचं उद्दिष्टच नाही. ती आली तर आली.

मग एका दुपारी वाचनालयात नऊ खुर्च्या गोल मांडतात. मध्ये टेबल नाही. खाली एक विणलेलं कापड, त्यावर एक लाकडी भोवरा. ज्याच्या हातात भोवरा तो बोलणार, बाकीचे ऐकणार. पहिली फेरी भांडणाबद्दल नसतेच. प्रश्न असतो, ‘तुमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?’ काका म्हणतात, ‘मीच, चार वाजता, कामावर जायला.’ शिक्षिका म्हणतात, ‘माझं बाळ.’ येमेनी मुलगा म्हणतो, ‘आजी उठायची.’ उठायची, असं.

प्रत्येक वाक्य मामचं स्पॅनिश होतं, स्पॅनिशचं इंग्रजी, इंग्रजीचं अरबी. एका वाक्याला दीड मिनिट लागतं. पहिल्यांदा हे रटाळ वाटतं. पण त्या दीड मिनिटात बोलणाऱ्याचा चेहरा सगळे बघत असतात, आणि उलट उत्तर ओठावर आलं तरी ते अडकून राहतं.

दुसऱ्या फेरीत कळतं की फोनमध्ये आजीचे आवाज होते. येमेनमधल्या इब शहरातून ती रोज सकाळी नातवाला आवाजात निरोप पाठवायची आणि गेल्या हिवाळ्यात ती वारली. मुलगा हसत होता तो तिचा जुना निरोप ऐकून. भोवरा माम मुलाकडे येतो. तो बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, ‘मला वाटलं माझं शूटिंग चाललंय. सीमेवर पकडलं तेव्हा असाच फोन समोर धरला होता.’

दोघांची दुःखं एकमेकांना कळली म्हणून हिशोब फिटत नाही. फोन फुटला तो फुटलाच. म्हणून तिसऱ्या फेरीत ठरवाठरवी. दुरुस्तीचे पैसे काका भरतील आणि पुतण्या आठ आठवडे शनिवारी त्यांची धाकटी मुलं सांभाळून ते फेडेल. आजीचे निरोप परत मिळतात का हे बघायला दोघं मिळून दुकानात जातील. वर्गासमोर ‘चूक माझी होती’ हे तो स्वतः सांगेल, कारण ओठ फुटलेल्या मुलाला सगळे हसले होते आणि ते त्याला फोनपेक्षा जास्त लागलं होतं. वर्गात कुणी कुणाचं चित्रण करायचं नाही हा नियम शिक्षिका लावतील. सहा आठवड्यांनी सगळे पुन्हा बसतील.

आता सांगा, त्या पहिल्या शनिवारी सकाळी त्या मुलाला उठवणार कोण? काका चार वाजताच गेलेले. दुकानात इंग्रजी बोलणार कोण? निम्मेच निरोप परत मिळाले आणि येमेनी मुलगा दुकानातच रडायला लागला, तर बाजूला उभं कोण राहणार? वर्तुळ तासा-दोन तासांत संपतं. पुढचे आठ आठवडे ज्याच्या जिवावर निघतात तो मार्गदर्शक, मेंटॉर, ताई, दादा, काय म्हणाल ते. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातला एक कारकून, अर्नेस्ट कूल्टर, रोज पोरांची रांग बघून कळवळला आणि १९०४ मध्ये त्याने चर्चच्या एका गटाला विनवलं की, तुमच्यातल्या एकेकाने एका मुलाचा थोरला भाऊ व्हावं. ‘बिग ब्रदर्स’ या संस्थेचं मूळ तिथे आहे. थोरला भाऊ ही कल्पना आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

म्हणजे जातपंचायत का?

हे सगळं मी पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते. ती लगेच म्हणाली, ‘गोल बसून समाजाने निवाडा करायचा? ही तर जातपंचायत झाली.’ प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो पंचांच्या अशाच बैठकांमुळे.

फरक मुळातच आहे. जातपंचायतीत पंच निकाल देतात, इथे निकाल देणारा कुणी नाही. तिथे ‘इभ्रत’ समूहाची, आणि तिच्यासाठी ज्याला इजा झाली त्यालाच, पुष्कळदा त्या मुलीलाच, दंड होतो. इथे इजा झालेल्या माणसाच्या गरजेपासून सुरुवात. तिथे शेवटचं हत्यार वाळीत टाकणं, इथे सगळा खटाटोप परत आत घेण्यासाठी. आणि इथे कुणीही उठून जाऊ शकतं, वकिलाकडे जायचा रस्ता उघडा राहतो. तरीही मैत्रिणीची भीती मी पूर्ण फेटाळत नाही. निर्वासितांच्या वस्तीतही वजनदार बुजुर्ग असतात. घरातल्या मारहाणीचं प्रकरण ‘आपापसात मिटवू’ म्हणून दाबायला त्यांना वर्तुळाची सोय व्हायला नको. म्हणून आधीच्या त्या वेगवेगळ्या भेटी महत्त्वाच्या. ज्याला भीती वाटते त्याला वर्तुळात बसवायचंच नाही.

‘पाठराखण’ या शब्दालाही मराठीत दोन अर्थ आहेत. सोबत करणं हा एक, आणि चुकीवर पांघरूण घालणं हा दुसरा. या कामावर टीका होते ती दुसऱ्या अर्थाने, आणि काम ढिलं केलं तर ती खरीही ठरते. नुसती ‘सॉरी’ म्हणवून घेऊन पोरांना वर्गात परत पाठवणाऱ्या शाळा आहेत. त्याला सांधणं म्हणत नाहीत.

उपयोग होतो का?

सॅन फ्रान्सिस्कोत याची चाचणी चिठ्ठ्या टाकून झाली. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या १३ ते १७ वयाच्या १४३ मुलांपैकी काहींना खटल्याऐवजी सांधणाऱ्या न्यायाची संधी मिळाली, बाकीच्यांवर नेहमीचा खटला चालला. संधी मिळालेल्यांत सहा महिन्यांच्या आत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी निघालं, आणि हा फरक चार वर्षांनंतरही टिकून होता. ही मुलं सगळी स्थलांतरित नव्हती, हे ध्यानात ठेवायचं.

दुसरी बाजूही सांगते. पिट्सबर्गच्या ४४ शाळांमध्ये दोन वर्षं असाच अभ्यास झाला. निलंबनं घटली, शाळेतलं वातावरण सुधारलं असं शिक्षकांनी सांगितलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातले निकाल घसरले. शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून, वेळ आणि माणसं न देता हे राबवता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

मार्गदर्शकांबद्दल २००२ चा एक अभ्यास मला सगळ्यात जास्त हलवून गेला. ज्या मुलांना वर्षभर किंवा जास्त सोबत मिळाली त्यांचं भलं झालं. पण तीन महिन्यांच्या आत ज्यांचा मार्गदर्शक निघून गेला, त्यांना स्वतःबद्दल वाटणारा विश्वास आधीपेक्षाही खाली गेला. येऊन अर्ध्यात सोडून जाण्यापेक्षा न आलेलं बरं. ज्यांना आधीच देशाने, घराने, कधी आईनेही मागे ठेवलंय, त्यांच्यासाठी तर हे किती खरं असेल.

पहिल्या वर्षी मी हेच केलं. एका मुलीला ‘पुढच्या बुधवारी येते’ म्हणाले आणि ऑफिसच्या कामापायी सलग तीन बुधवार गेले नाही. चौथ्या बुधवारी ती समोर येऊन बसली, पण दोन तास वही उघडली नाही.

आसपासची माणसं

एकटा मार्गदर्शक पुरत नाही. टिकाऊ ठरतं ते माणसांचं जाळं, आणि ते अगदी साध्या गोष्टींचं असतं. माम येणारा दुभाषा, जो त्या मुलाच्या नात्यातला नाही. इमिग्रेशनचा वकील, ज्याला फोन करायला लाज वाटत नाही. मशिदीतले किंवा चर्चमधले एखादे काका, जे सुटीच्या दिवशी जेवायला बोलावतात. फुटबॉलचं मैदान तर फार मोठं काम करतं, कारण तिथे भाषा लागत नाही. २००६ मध्ये सुरू झालेली ‘सॉकर विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था ऑकलंडच्या नवागत मुलांना मैदानावर आणते आणि तिथूनच अभ्यासाकडे, समुपदेशनाकडे वळवते. ज्या मुलाने समुपदेशकाच्या खोलीत चकार शब्द काढला नाही तो बुटाच्या नाड्या बांधता बांधता सगळं सांगतो.

इथल्या मराठी मंडळींना एक विनंती. आपल्यातले बहुतेक जण नोकरीचा कागद हातात घेऊन विमानाने आलो. आपल्याला घ्यायला विमानतळावर कुणीतरी आलं, पहिल्या महिन्यात कुणीतरी वरण-भात खाऊ घातला, बँकेत खातं कसं उघडायचं ते सांगितलं. म्हणजे आपल्याला पाठराखीण मिळाली. गणपतीच्या नाटकाच्या तालमींना जितके तास देतो त्यांतले आठवड्याला दोन तास एका मुलासाठी काढता येतात. इंग्रजी फर्डं असायची गरज नाही, उलट अडखळत बोलणारा माणूस मुलांना जवळचा वाटतो.

महाराष्ट्रात असाल तर तिथेही दार आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळ मुलाला गट समुपदेशन किंवा समाजसेवा करायला सांगू शकतं, आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतली माणसं या मंडळांपुढे येणाऱ्या मुलांबरोबर काम करत आली आहेत. अशा मुलांत दुसऱ्या राज्यातून कामाला आलेली, मराठी न समजणारी मुलंही असतात.

ती वही न उघडणारी मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. त्या बुधवारनंतर आम्ही एक पद्धत पाडली. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या भेटीत कॅलेंडर टेबलावर पसरायचं. ज्या बुधवारी मला यायला जमणार नाही ते दिवस मी आधीच सांगायचे. जूनमधला आमचा शेवटचा बुधवार कुठला हेही त्याच दिवशी सांगायचं. ती लाल पेनाने फुल्या मारते, मग फुल्या मोजते. या वर्षी चार निघाल्या. ‘चारच?’ तिने विचारलं, आणि कॅलेंडरची घडी घालून स्वतःच्या दप्तरात ठेवली.